कर्ण्याआधीचा आवाज

हार्ड रॉक म्हणजे निव्वळ गोंगाट, असे आपल्या महाविद्यालयातील बहुसंख्यांचे मत आहे. हे मत बाळगणाऱ्यांत माझे काही जिवलग मित्र आहेत आणि ज्यांच्याविषयी मला नितांत आदर वाटतो असे काही प्राध्यापकही आहेत. त्यांचे मतपरिवर्तन करण्याच्या ईर्ष्येने हा लेख लिहिलेला नाही. मला एवढेच सुचवायचे आहे की, ज्याला आपण गोंगाट म्हणतो तो पुष्कळदा संगीतात नसतोच. तो सभागृहाच्या भिंतींत असतो, कर्ण्यांत असतो, आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याने माइक कुठे ठेवला ह्यातही असतो. संगीत तेच, पण ते कुठे उभे राहून ऐकले ह्यावर आपण त्याला बरेवाईट ठरवतो. ही गोष्ट ज्या एका ध्वनिमुद्रणामुळे माझ्या नीट ध्यानात आली, त्याची हकिगत आणि त्यामागचे तंत्र, दोन्ही येथे सांगण्याचा विचार आहे.

ह्या ध्वनिमुद्रणाचे नाव 'लाइव्ह फ्रॉम दि अटलांटिक स्टुडिओज'. दिवस ७ डिसेंबर १९७७. स्थळ न्यूयॉर्क शहर, अटलांटिक ह्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका कंपनीचा स्वतःचा स्टुडिओ. बँड ऑस्ट्रेलियातून आलेला, 'एसी/डीसी' नावाचा. माल्कम यंग आणि अँगस यंग हे दोघे भाऊ गिटारवर, क्लिफ विल्यम्स बेस गिटारवर, फिल रड ड्रम्सवर आणि बॉन स्कॉट गायक. समोर निमंत्रितांचा लहानसा घोळका. आठ गाणी झाली आणि कार्यक्रम संपला. तिकीटविक्री नव्हती, मोठे सभागृह नव्हते. हेतू उघड जाहिरातीचा होता: अमेरिकेतील रेडिओ केंद्रांनी हा बँड ऐकावा आणि ऐकवावा. त्या कार्यक्रमाची तबकडी निघाली तीही दुकानांत विकण्यासाठी नव्हे, तर रेडिओ केंद्रांकडे पाठवण्यासाठी. अशा ह्या जाहिरातीच्या तबकडीवर आज इतक्या वर्षांनी लेख लिहावासा वाटतो, ह्यातच थोडी गंमत आहे.

आता प्रथम तंत्राकडे वळू. ध्वनिमुद्रणाच्या शौकिनांत 'साउंडबोर्ड' हा शब्द मोठ्या आदराने उच्चारला जातो. साउंडबोर्ड म्हणजे आपला नेहमीचा मिक्सर. स्नेहसंमेलनात सभागृहाच्या मागच्या बाजूला टेबल मांडून, बटणांच्या आणि सरकत्या खुंट्यांच्या रांगांपुढे बसलेला साउंडवाला आपण सर्वांनी पाहिला आहे. रंगमंचावरच्या प्रत्येक माइकची तार त्याच्या मिक्सरमध्ये येते. गायकाची एक, गिटारची एक, ढोलकीची एक. प्रत्येक तारेला मिक्सरवर स्वतंत्र रांग असते. त्या रांगेत वरच्या बाजूला आवाज मुळात किती घ्यायचा ते ठरवणारे बटण, त्याखाली खर्ज आणि तीव्र स्वर कमीअधिक करणारी बटणे, आणि तळाशी आवाज लहानमोठा करणारी सरकती खुंटी, म्हणजे फेडर. ही सरकती खुंटी ध्वनिमुद्रणाच्या मिक्सरवर रूढ करण्याचे श्रेय ज्या टॉम डाऊड ह्या अभियंत्याला देतात, तो ह्याच अटलांटिक कंपनीत काम करीत असे. पूर्वीच्या गोल बटणांवर एका हाताने एकच बटण फिरवता येई. सरकत्या खुंट्या आल्यावर हार्मोनियमवर फिरावीत तशी दहाही बोटे आवाजांवर फिरू लागली.

ह्या सगळ्या तारा मिक्सरमध्ये एकत्र होतात आणि तयार झालेला एकजीव आवाज अँप्लिफायरकडे व तेथून कर्ण्यांकडे जातो. पण मिक्सरला बाहेर पडण्याच्या वाटा एकाहून अधिक असतात. त्यांतल्या एका वाटेला टेपरेकॉर्डर जोडला, की कर्ण्यांकडे निघालेला आवाज वाटेतच फितीवर उतरतो. ह्यालाच साउंडबोर्ड ध्वनिमुद्रण म्हणतात. हा कर्ण्याआधीचा आवाज. त्याला अजून सभागृहाची हवा लागलेली नसते, तो भिंतीवर आपटलेला नसतो, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांचा खोकला त्यात मिसळलेला नसतो.

सभागृहाची हवा लागते म्हणजे नेमके काय होते, हे पाहण्याजोगे आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. रंगमंचापासून ३० मीटर अंतरावर बसलेल्या श्रोत्याला ड्रमचा ठोका सुमारे एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. एवढ्यावर भागत नाही. तोच ठोका छतावरून, बाजूच्या भिंतींवरून आणि मागच्या भिंतीवरून परतून पुनःपुन्हा त्याच्या कानावर येतो. संथ आलापीला हा घुमारा साज चढवतो, सतारीच्या मिंडेला तो गोड वाटतो. पण ज्या संगीताचे सगळे बळ ठोक्याच्या नेमकेपणात आणि दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेत आहे, त्याचा तो घात करतो. पहिला ठोका विरण्यापूर्वीच दुसरा येऊन त्यावर बसतो. शिवाय मोठा खर्जाचा आवाज हा त्याच्या वरच्या पट्टीतल्या आवाजांना कानाच्या आतच झाकून टाकतो, हे श्रवणशास्त्रात सिद्ध झालेले आहे. म्हणून खेळांसाठी बांधलेल्या एखाद्या प्रचंड इमारतीत मागच्या रांगेत बसून हार्ड रॉक ऐकणाऱ्याने 'काही कळले नाही, नुसता गडगडाट होता' असे म्हटले, तर तो खोटे बोलत नसतो. त्याच्यापर्यंत खरोखरच गडगडाट पोहोचलेला असतो.

तेव्हा साउंडबोर्डची फीत म्हणजे निर्भेळ सत्य, असा समज होणे साहजिक आहे. मीही आरंभी तसेच समजत होतो. परंतु ह्या फितीलाही खोड आहे, आणि ती खोड समजल्याखेरीज तिच्यावरून कुणा कलावंताची परीक्षा करू नये.

खोड अशी. साउंडवाल्याचे काम फीत भरण्याचे नसते; सभागृह भरण्याचे असते. समजा, कार्यक्रम एखाद्या लहान हॉटेलात आहे. गिटारवादकाचा स्वतःचा अँप्लिफायर त्याच्या पाठीमागे ठेवलेला असतो आणि तो एकटाच त्या खोलीला पुरून उरतो. ड्रम्सना तर विजेचीही गरज नाही. अशा वेळी शहाणा साउंडवाला काय करतो? गिटार आणि ड्रम मिक्सरवर जवळजवळ बंद ठेवतो, आणि ज्याचा आवाज नैसर्गिकपणे मागे पडतो त्या गायकालाच तेवढा वर आणतो. खोलीत बसलेल्याला सगळे समतोल ऐकू येते. पण टेपरेकॉर्डर खोलीत नाही; तो मिक्सरला चिकटलेला आहे. त्याला मिक्सरमधून गेले तेवढेच ऐकू येते. दुसऱ्या दिवशी फीत लावून पाहावी, तर गायक कानाशी ओरडतो आहे, ड्रम पेटीत कोंडल्यासारखे आणि गिटार शेजारच्या गावात! म्हणजे सभागृहात उत्तम झालेला कार्यक्रम फितीवर केविलवाणा वाटतो. गायकाचा एखादा स्वर किंचित हलला असेल, तर खोलीत तो वाद्यांच्या भरात खपून गेलेला असतो. फितीवर तो एकटाच उघड्यावर उभा राहतो. सभागृह जितके मोठे तितकी ही खोड कमी, कारण तेथे प्रत्येक वाद्याला कर्ण्यांची मदत घ्यावीच लागते आणि म्हणून प्रत्येक वाद्य मिक्सरमधून जातेच.

दुसरी उणीव श्रोत्यांची. मिक्सरला जोडलेले माइक गायकाच्या ओठांशी, ड्रमच्या कातड्याशी आणि गिटारच्या अँप्लिफायरशी चार बोटांच्या अंतरावर असतात. समोरच्या हजारो माणसांसाठी माइक कुणी ठेवत नाही. त्यामुळे नुसत्या साउंडबोर्डच्या फितीवर टाळ्या पावसाच्या दूरच्या सरीसारख्या ऐकू येतात. गायक हसतो, पण कोणी काय म्हटले म्हणून हसला ते कळत नाही. मैफलीचा अर्धा प्राण श्रोत्यांत असतो असे आपण मानतो; तो अर्धा प्राण येथे गळून पडतो. ह्याउलट श्रोत्यांत बसून लहान टेपरेकॉर्डरवर केलेल्या ध्वनिमुद्रणात तो प्राण भरपूर असतो, फक्त संगीत धूसर असते. म्हणूनच जाहीर विक्रीसाठी कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचा तेव्हा मातब्बर कंपन्या तिसरा मार्ग धरतात. रंगमंचावरच्या प्रत्येक माइकची तार मध्येच दुभागतात. एक शाखा सभागृहाच्या मिक्सरकडे आणि दुसरी बाहेर उभ्या असलेल्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीकडे. श्रोत्यांसाठी वेगळे माइक टांगतात. प्रत्येक आवाज अनेकपदरी फितीवर निरनिराळा उतरवून घेतात आणि मिश्रण नंतर सवडीने, पुनःपुन्हा ऐकून करतात.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन आता न्यूयॉर्कच्या त्या डिसेंबरातल्या कार्यक्रमाकडे पाहावे. काटेकोर बोलायचे तर ही नेहमीची साउंडबोर्डची फीत नव्हे. साउंडबोर्डला जी परिस्थिती सर्वांत अनुकूल, ती येथे मुद्दाम निर्माण केलेली होती. एरवी मिक्सर सभागृहाची चाकरी करतो आणि फीत ही वरकमाई असते. येथे कार्यक्रमच ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत होता, आणि सगळी व्यवस्था फितीसाठी होती. स्टुडिओच्या भिंती घुमारा शोषून घेण्यासाठीच बांधलेल्या असतात. मिश्रण करणारा माणूस काचेआडच्या स्वतंत्र खोलीत बसतो. जे फितीवर जाते तेच त्याच्या कानावर पडते. समोर बसलेल्यांना खूश करण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. आणि तरीही समोर माणसे आहेत! म्हणजे गायकाला दाद मिळते आहे, चूक झाली तर 'पुन्हा घेऊ' म्हणण्याची सोय नाही, आठ गाणी ओळीने झालीच पाहिजेत. स्टुडिओची स्वच्छता आणि मैफलीची जोखीम ह्यांचा असा मेळ क्वचितच बसतो.

ही जोखीम बँडने आणि कंपनीने का पत्करली, ह्यालाही कारण होते. यंग बंधूंचा जन्म स्कॉटलंडमधील ग्लासगोचा. कुटुंब ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले. १९७३ साली सिडनीत त्यांनी हा बँड काढला. बॉन स्कॉट त्यांना १९७४ मध्ये येऊन मिळाला. तोही मूळचा स्कॉटलंडचा, १९४६ साली जन्मलेला, लहानपणी ऑस्ट्रेलियात आलेला, आणि गाण्याकडे वळण्यापूर्वी ड्रम वाजवणारा. ऑस्ट्रेलियात त्यांचे नाव झाले, इंग्लंडातही होऊ लागले. अमेरिका मात्र दाद देईना. त्यांचा १९७६ सालचा 'डर्टी डीड्स डन डर्ट चीप' हा अल्बम तर त्या वेळी अमेरिकेत प्रसिद्धच झाला नाही; तो तेथे निघाला थेट १९८१ मध्ये. २७ जुलै १९७७ रोजी टेक्सासमधील ऑस्टिन गावी त्यांचा अमेरिकेतला पहिला कार्यक्रम झाला. त्यानंतर लहान क्लब आणि मोठ्या बँडांच्या आधी वाजवण्याची दुय्यम जागा, असा त्यांचा प्रवास चालू होता. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या 'सीबीजीबी' ह्या चिंचोळ्या क्लबात ते वाजवून गेले. डिसेंबरात 'किस' ह्या गाजलेल्या बँडच्या आधी वाजवत होते.

अमेरिकेसारख्या खंडप्राय देशात गावोगाव हिंडून नाव कमावायचे तर आयुष्य पुरणार नाही. तेथील नवे संगीत घराघरांत पोहोचवणारे साधन होते एफ. एम. रेडिओ. १९६१ साली तेथे एफ. एम.वरून स्टिरिओ प्रक्षेपणाला मान्यता मिळाली, आणि साठीच्या दशकाच्या अखेरीस एकेक सुटे गाणे न वाजवता अख्ख्या अल्बमची बाजूच वाजवणारी केंद्रे निघाली. जिवंत मैफली ऐकवण्याची चाल पडली. १९७३ पासून 'किंग बिस्किट फ्लॉवर अवर' हा कार्यक्रम देशभरच्या केंद्रांवरून रॉकच्या मैफली ऐकवू लागला. अशा केंद्रांवर कोणता बँड लागायचा हे ठरवणाऱ्या निवेदकाला वजन असे. अटलांटिकच्या तबकडीवर ज्याचा आवाज ऐकू येतो तो एड शॅकी हा फिलाडेल्फियातील एका केंद्राचा असाच नावाजलेला निवेदक. बँडची ओळख तो करून देतो. जणू मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात गावातल्या प्रतिष्ठिताने पुढे होऊन सांगावे की, घराणे चांगले आहे.

आता प्रत्यक्ष संगीत. आरंभ 'लाइव्ह वायर' ह्या गाण्याने होतो. गोंगाट म्हणणाऱ्यांनी ही पहिली काही क्षणांची बांधणी अवश्य ऐकावी. प्रथम फक्त बेस गिटारचा एकच स्वर, नाडीसारखा ठक-ठक चाललेला. मग त्यावर गिटारचा एखादा स्वरमेळ, दूरदूर अंतराने. मग झांजेची बारीक टिकटिक. सगळे घोडे लगाम खेचून उभे आहेत, आणि लगाम सुटण्याचा क्षण वादक लांबवत आहेत. मोठ्या सभागृहात ही सारी पूर्वतयारी श्रोत्यांच्या आरोळ्यांत बुडून जाते. येथे प्रत्येक थर वेगळा ओळखता येतो.

दुसरी गोष्ट कळते ती माल्कम यंगची. बँडच्या छायाचित्रांत डोळ्यांत भरतो तो शाळकरी गणवेश घालून उड्या मारणारा धाकटा भाऊ अँगस. माल्कम मागे ड्रमजवळ उभा. नवख्या श्रोत्याला वाटते, सगळा पराक्रम अँगसचाच. परंतु ह्या फितीत दोन्ही गिटारींची कामे स्वच्छ वेगळी ऐकू येतात, आणि ध्यानात येते की इमारत माल्कमने उचलून धरली आहे. तो तान घेत नाही, अलंकार करीत नाही. तोच स्वरमेळ त्याच जागी त्याच वजनाने वाजवतो आणि, सर्वांत महत्त्वाचे, नेमक्या क्षणी दाबून बंद करतो. फिल रडचे ड्रम तसेच. तबल्याच्या ठेक्यात जसा संयम लागतो, की गायकाने कितीही लय अंगावर घेतली तरी ठेका डळमळू नये, तसाच संयम येथे आहे. मोठ्याने वाजवणे आणि भरमसाट वाजवणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मला ह्या दोघांनी शिकवले.

मध्यावर 'द जॅक' हे संथ ब्लूज येते. ब्लूजचा साचा बारा 'बार'चा. प्रत्येक बार चार ठोक्यांचा, म्हणजे सगळे मिळून अठ्ठेचाळीस ठोक्यांचे एक दीर्घ आवर्तन. गाण्यात पत्त्यांच्या डावाचे निमित्त करून केलेला एक चावट श्लेष आहे. त्याचा उलगडा वार्षिकात करण्याचे धाडस मी करीत नाही! पण आपल्या फडावरच्या लावणीला ज्यांनी मनापासून दाद दिली आहे, त्यांना बॉन स्कॉटची खुबी चटकन कळेल. तो शब्द फेकत नाही, सोडतो. एखादा शब्द ठोक्याच्या किंचित मागे ठेवतो, एखादा गिळतो, एखाद्या शब्दाला डोळा मारतो. गळ्याने तो काही मोठा सुरेल गायक नव्हे. आवाज खरबरीत, वरच्या पट्टीत ताणलेला. पण माइक ओठांशी असल्यामुळे त्याचा श्वास, त्याचे मिस्कील हसू, ओळ सुरू करण्यापूर्वीची ओठांची हालचाल, सगळे ऐकू येते. विसाव्या रांगेतील श्रोत्याला ह्यातले काहीही मिळाले नसते.

मग 'होल लॉटा रोझी'. ह्या गाण्याच्या आरंभी गिटारचा एक तुकडा वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो, पुन्हा थांबतो. ह्याच गाण्याची दुसरी ध्वनिमुद्रणे पुढल्या वर्षीच्या 'इफ यू वाँट ब्लड यू'व्ह गॉट इट' ह्या अल्बमात आहे. ते ३० एप्रिल १९७८ रोजी ग्लासगोच्या अपोलो नाट्यगृहातले. तेथे दोन तुकड्यांमधल्या जागेत सारे नाट्यगृह अँगसच्या नावाचा गजर करते, आणि तो गजर जणू सहावे वाद्य होतो. न्यूयॉर्कच्या लहानशा घोळक्याकडून असा गजर कसा होणार? ग्लासगोची मुद्रिका ऐकताना अंगावर काटा येतो. न्यूयॉर्कची ऐकताना गाणे कसे बांधले आहे ते दिसते. दोन्हींतले एक खरे आणि एक खोटे असे मला म्हणवत नाही. एकीत संगीताने लोकांचे काय केले ते आहे, दुसरीत वादकांनी स्वतः काय केले ते आहे.

विकायची नव्हती म्हणूनच की काय, ह्या तबकडीला मागणी आली. एसी/डीसीचे नाव वाढत गेले तसतसे रेडिओ केंद्रांसाठीच्या प्रतींना मोल चढले, आणि मग चोरट्या तबकड्या व कॅसेटी निघाल्या. येथे फितीचा आणखी एक स्वभाव सांगायला हवा. चुंबकीय फितीवरून फीत उतरवली, की प्रत्येक पिढीगणिक मागे 'हिस्स' असा फुत्कार वाढतो आणि तीव्र स्वर झिजत जातात. दोन यंत्रांच्या वेगात फरक असला, तर पट्टीच बदलते. सुमारे ६ टक्के वेग वाढला की पांढरी एकचे गाणे काळी एकमध्ये जाते! अशी चढ्या पट्टीतली, झिजलेली प्रत ऐकून कुणी गायकाला किरकिऱ्या आवाजाचा ठरवला, तर तो न्याय गायकाचा झाला की यंत्राचा?

अशा फितींचे नशीब किती विलक्षण असते, त्याचे त्याच वर्षातले एक उदाहरण आहे. 'ग्रेटफुल डेड' ह्या अमेरिकन बँडचा ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम बेटी कँटर-जॅक्सन ह्या ध्वनिमुद्रणकर्तीने मिक्सरवरून टिपला होता. पुढे तिच्या फिती ज्या गोदामात होत्या तेथील सामान १९८६ मध्ये लिलावात गेले, आणि फिती परक्यांच्या हाती पडल्या. त्याच कार्यक्रमाच्या फितीला नंतर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत स्थान दिले, आणि २०१७ साली, घडल्यानंतर चाळीस वर्षांनी, ती रीतसर प्रसिद्ध झाली. आपल्याकडेही मोठमोठ्या गवयांच्या खाजगी मैफली रसिकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर टिपून ठेवल्या आणि त्या हातोहात फिरत राहिल्या. ज्यांनी ते केले त्यांना आपण इतिहास जपतो आहोत, ह्याची त्या वेळी जाणीव असेलच असे नाही.

अटलांटिकच्या फितीचेही असेच झाले. तिचे मूळ काम पुरते साधले. १९७९ च्या 'हायवे टू हेल' ह्या अल्बमाने अमेरिकेत पहिल्या वीसांत जागा मिळवली. ज्या यशासाठी तो लहानसा कार्यक्रम केला होता ते दाराशी आले. ९ डिसेंबर १९७९ रोजी पॅरिसमध्ये त्यांच्या मोठ्या कार्यक्रमाचे चित्रीकरण झाले. त्यानंतर बहात्तर दिवसांनी, १९ फेब्रुवारी १९८० रोजी, बॉन स्कॉट लंडनमध्ये मरण पावला. वय ३३. त्याच वर्षी नवा गायक ब्रायन जॉन्सन ह्याच्यासह निघालेला 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम जगातील सर्वाधिक खपाच्या अल्बमांपैकी एक ठरला. नुसत्या अमेरिकेतच त्याच्या अडीच कोटींहून अधिक प्रतींची अधिकृत नोंद आहे. ते वैभव पाहायला स्कॉट नव्हता.

१९९७ साली बँडने त्याच्या स्मरणार्थ 'बॉनफायर' नावाचा संच काढला. त्यात पॅरिसचा मोठा जलसा घेतला, आणि त्याच्या शेजारी ही जाहिरातीची फीतही घेतली. वीस वर्षांनी ती प्रथमच सर्वांसाठी दुकानात आली. माल्कमही २०१७ मध्ये गेला. म्हणजे जी तबकडी 'हा बँड ऐकून तर पाहा' अशी विनवणी करण्यासाठी काढली, ती आता गेलेल्या माणसांच्या आवाजांची ठेव झाली आहे. पुढे काय होणार हे त्या आठ गाण्यांत कुणालाच ठाऊक नाही. स्कॉट आपला हसतो आहे, पुढले गाणे सांगतो आहे. त्याला समोरच्या मूठभर माणसांची आणि कुठल्याशा मोटारीत रेडिओ लावणाऱ्या अनोळखी श्रोत्याची मर्जी संपादन करायची आहे.

गोंगाटाचा मूळ मुद्दा मी विसरलेलो नाही. ही फीत ऐकून कुणाला हे संगीत आवडेलच असे मी म्हणणार नाही. आवडनिवड हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु ज्यांना नावडते त्यांनी निदान एकदा ते कर्ण्याआधी ऐकावे, मध्यम आवाजात, शांत खोलीत. 'लाइव्ह वायर'चा तो एकच खर्जाचा स्वर सुरू झाला की किती वेळाने दुसरे वाद्य येते, ते मोजावे. त्यानंतरही हा गोंगाटच आहे असे वाटले, तर ते मत मी आनंदाने ऐकून घेईन. कारण मग ते मत संगीताविषयीचे असेल, सभागृहाच्या भिंतींविषयीचे नसेल.